उतारावर रुसणारी गाडी

माझ्या गाडीच्या कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. जर्मन आहे, काळी आहे, लांबलचक आहे आणि मालकापेक्षा तिचाच रुबाब मोठा आहे, एवढं कळलं तरी पुरे. चार वर्षांपूर्वी जयलक्ष्मीपुरममधल्या एका निवृत्त डॉक्टरांकडून मी ती घेतली, तेव्हाच ती बारा वर्षांची होती. पहिल्यांदा आत बसून मी दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या सगळ्या म्हैसूरचा आवाज एकदम बंद झाला. माझा जीव तिथेच जडला. शेजारी बसलेली माझी बायको सिंधू म्हणाली, "अरुण, हा पांढरा हत्ती आहे." मी म्हटलं, "काळा आहे." ती हसली नाही.

आम्ही मूळचे जळगावचे, नोकरीपायी इथे येऊन चौदा वर्षं झाली. चार वर्षं या हत्तीने मला कधी रस्त्यात उभं केलं नाही. आणि यंदा दसरा झाला, आठ दिवस गेले आणि आमच्या गाडीबाईसाहेबांचं डोकं फिरलं. ऑफिसच्या तळघरात गाडी लावायला म्हणून उतारावरून खाली निघालो, तर डॅशबोर्डवरची गिअरची सगळी अक्षरं एकदम पेटली. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसली. बंद करून पुन्हा चालू केली तर सगळं ठीक. दोन दिवसांनी चामुंडी बेट्टावर, म्हणजे चामुंडीच्या टेकडीवर, देवीचं दर्शन घेऊन खाली येताना तेच. मग तलकाडला गेलो. तिथे नदीकडे उतरताना गिअर तर अडकलाच, वर चारही काचा आपोआप खाली गेल्या. तलकाडची वाळू कशी असते ते ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. सिंधू केस झटकत एवढंच म्हणाली, "महिनाअखेर ही गाडी आपल्या दारात दिसता कामा नये."

मी बंगळुरूच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका माणसाने गाडीला कंप्युटर जोडला, मला कॉफी दिली आणि तीन पानी रिपोर्ट हातात ठेवला. गिअरबॉक्स बदला, असं त्यात लिहिलं होतं. नवा गिअरबॉक्स माझ्या आख्ख्या गाडीपेक्षा महाग. मी विचारलं, "तुम्ही गाडी चालवून पाहिलीत का?" तो म्हणाला, "गरज नाही सर, सिस्टिममध्ये आलंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिस्टिममध्ये आलं म्हणजे काय, सिस्टिम काय उतारावर बसली होती? मी रिपोर्ट घेतला आणि कॉफी तशीच ठेवून निघालो.

ऑफिसातला विश्वजीत मात्र इथलाच. जुन्या म्हैसूरच्या लष्करात जे मराठे आले आणि इथेच राहिले, त्यांच्या घरातला. त्याने रिपोर्ट वाचला आणि म्हणाला, "सर, सुम्ने खर्च नका करू. आधी आमच्या रघुनाथरावांना दाखवा. पण लौकर जावा. या शनिवारी हुणसूरचा माणूस येऊन त्यांची हत्यारं घेऊन जाणारय. शेड बंद होतीय." हे सुम्ने म्हणजे उगाचच. चौदा वर्षांत मला एवढं कन्नड येतं.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, सुट्टी टाकून मी बन्नीमंटपच्या मागच्या गल्लीत गेलो. पत्र्याची शेड, समोर एक पर्जन्यवृक्ष, खाली दोन जुन्या गाड्या आणि एक मांजर. रघुनाथराव शहात्तर वर्षांचे, ताठ, पांढऱ्या मिशा, खाकी शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. त्यांचे आजोबा घोडदळात होते, वडिलांनी घोडे सोडून मोटारी धरल्या. आता रावांचे हात थरथरतात आणि एका डोळ्याने नीट दिसत नाही, म्हणून शेड बंद करायची. हे त्यांनीच मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, जणू गाडीबद्दल बोलण्याआधी ते सांगणं भाग होतं.

या शेडचा एक नियम होता आणि तो मला भयंकर आवडला. गाडीचा दोष काय, ते आधी खडूने गाडीच्या मागच्या काचेवर लिहायचं. लिहिल्याशिवाय एक बोल्टसुद्धा सोडायचा नाही. लिहिलेलं चुकलं, तर ज्याने लिहिलं त्याने स्वतःच्या हाताने पुसायचं, सोडलेलं सगळं पुन्हा जोडायचं आणि गिऱ्हाइकाला नमस्कार करून फुकट परत पाठवायचं. उघडून बघू, मग ठरवू, असलं काम तिथे चालत नसे. मी मनात म्हटलं, बंगळुरूच्या त्या इस्त्रीवाल्याला इथे महिनाभर कामाला ठेवायला हवं. आणि चाळीस वर्षांत त्या शेडमध्ये खडू फक्त रघुनाथरावांनी हातात धरला होता.

त्यांची मुलगी सुष्माबाई तिथे एकवीस वर्षं काम करत होती. एक्केचाळिशीची, उंच, निळा कोट, केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यात खोचलेला टेस्टर. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. वायरिंग तिचं, बॅटऱ्या तिच्या, सेन्सर तिचे, रिपोर्टवाल्या मशीनसारखंच एक जुनं मशीनही तिचं. पण दोष काय ते सांगायचा मान तिचा नाही. अप्पाजी, म्हणजे वडील, लिहीत, ती दुरुस्त करी. शेड बंद झाल्यावर ती एका शोरूममध्ये सुट्या भागांची बिलं करायला जाणार होती. पत्र तिच्या कोटाच्या खिशात होतं, मला तिने ते नंतर दाखवलं.

रघुनाथरावांनी गाडी गल्लीतून दोन चकरा फिरवून आणली. मान एका बाजूला कलती करून त्यांनी गिअर बदलताना होणारा आवाज ऐकला. मग उतरले, माझा रिपोर्ट न वाचताच खडू घेतला आणि थरथरत्या हाताने काचेवर कन्नड अक्षरांत लिहिलं. ही मंडळी घरी मराठी बोलतात पण लिहितात कन्नडमध्ये. मी एकेक अक्षर जुळवत वाचलं. गिअरबॉक्स.

गाडी गेलीच, असं मी मनाशी म्हणत होतो आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"अप्पाजी, मला तसं वाटत न्हाई."

रघुनाथराव वळले. मला उगाचच आपण दुसऱ्याच्या घरात चुकीच्या वेळी आलोय असं वाटलं.

"काय वाटतंय मग?" त्यांनी विचारलं.

"अजून ठाऊक न्हाई. सरांना चार गोष्टी विचारू दे."

आता बघा, इथून पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. मला वाटलं, ती विचारेल की आवाज कसला येतो, दिवे कुठले लागतात. तिने त्यातलं काहीच विचारलं नाही. जुन्या कॅलेंडरचं एक पान तिने माझ्यासमोर पालथं ठेवलं आणि म्हणाली, "नोडी, बघा सर, गाडी जिथे जिथे रुसली तिथला रस्ता काढून दाखवा. चढ, उतार, वळण, सगळं. चित्र वाईट आलं तरी चालेल."

मी चित्रं काढली. ऑफिसचं तळघर. बेट्टाचा रस्ता. तलकाडचा नदीकाठ. आणखी एकदा पिरियापट्टणहून येताना घडलं होतं, तेही आठवलं. ती प्रत्येक चित्रावर बोट ठेवून एकच विचारत होती, गाडीचं नाक वर होतं की खाली. खाली. खाली. खाली. पिरियापट्टणच्या वेळी रस्ता सपाट होता, पण पुढे म्हैस आली म्हणून मी जोरात ब्रेक मारला होता.

"बेट्टावर चढताना कधी झालं?"

"कधीच नाही."

"अष्टे," ती म्हणाली. म्हणजे एवढंच हवं होतं. तिचे डोळे चमकले. चार महिने शाळेत न सुटलेलं गणित बाई फळ्यावर सोडवायला घेतात तेव्हा व्हायचं तसं काहीतरी मला झालं. "अप्पाजी, गिअरबॉक्स खराब असेल तर चढावर आधी रडेल, अल्वा, न्हाई का? ही चढावर हसते आणि उतारावर रुसते. गाडीत कायतरी पुढे वाहतंय."

रघुनाथरावांनी काचेवरच्या आपल्या शब्दाकडे पाहिलं.

मग तिने चपला काढल्या. ड्रायव्हरच्या शेजारच्या, म्हणजे डाव्या सीटवर बसली आणि दोन्ही अनवाणी पावलं गालिचावर टेकवून डोळे मिटले. ती दोन मिनिटं तशीच बसली. मग उठून ड्रायव्हरच्या सीटवर गेली, तिथेही तसंच केलं. पुन्हा डावीकडे. माझी उत्सुकता एवढी ताणली गेली होती की मी मांजराच्या शेपटीवर पाय दिला.

"ओलं न्हाई," ती बाहेर येऊन म्हणाली. "पण डावीकडे गार आहे. उजवीकडे न्हाई."

तिने वडिलांसमोर हात पुढे केला. खडू मागितला. मला हे कळायला थोडा वेळ लागला, पण रघुनाथरावांना लगेच कळलं. ते म्हणाले, "सुष्मा, एकवीस वर्षांत तू मागितला न्हाईस. आता शनिवारला चार दिवस राहिले आणि मागतीस?"

"म्हणूनच मागते. हुणसूरवाल्याला हत्यारं देऊ नका. शेड मला चालवायचीय."

"लिहून चुकलीस तर?"

"चुकले तर शनिवारी मीच त्याच्या टेम्पोत हत्यारं चढवते."

रावांनी खडू हातात तोलला. मग त्यांनी खडू दिला. तिने त्यांच्या शब्दाखाली, ठसठशीत अक्षरांत लिहिलं, नीरु. पाणी. एकाच काचेवर बाप आणि मुलगी एकमेकांच्या विरोधात उभी होती आणि गाडी माझी होती. मी सुट्टी अर्ध्या दिवसाची टाकली होती, ती फोन करून पूर्ण दिवसाची केली.

काम सुरू होण्याआधी जेवणाची वेळ झाली. भागीरथीबाई, म्हणजे सुष्माबाईंच्या आई, जवळच लष्कर मोहल्ल्यात राहतात. त्या डबा घेऊन आल्या आणि मलाही बसवलं. रागीमुद्दे आणि सारू, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा आणि पातळ आमटी. रागीचा तो गोळा चावायचा नसतो, गिळायचा असतो, हे त्यांनी मला तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा जमलं. काचेवरचे दोन शब्द वाचून त्या पाटी वाचावी तितक्या शांतपणे म्हणाल्या, "असंच होणार व्हतं कधीतरी. ही पाच वर्षांची असताना घरातला मिक्सर खोलून बसली. ह्यांनी मार दिला न्हाई, म्हणाले जोड परत. हिने जोडला. तो अजून चालतो. पण ह्यांनी ते कधी कुणाला सांगितलं न्हाई." रघुनाथराव ताक पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला नाही.

जेवण होताच सुष्माबाईंनी डावी सीट काढली. चार बोल्ट, खालचा एक प्लग, सीट बाहेर. मग कडेच्या पट्ट्या, मग गालिचाचं टोक. गालिचा वर उचलला तेव्हा आम्ही तिघंही वाकून पाहत होतो. मी तर जवळजवळ आत पडलो.

कोरडा. खणखणीत कोरडा. ती हात फिरवत होती आणि हाताला धूळ लागत होती.

रघुनाथरावांनी खिशातून फडकं काढलं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, खरं सांगतो, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्यांनी ते फडकं मुलीकडे धरलं. नियम म्हणजे नियम. ती ते घ्यायला वळली नाही. ती गालिचाखालच्या फोमच्या जाड थराकडे बघत होती, चार बोटं जाड राखाडी फोम, वरून कोरडा.

"स्वल्प थांबा," ती म्हणाली.

आणि ती त्या फोमवर गुडघे टेकून बसली. सगळं वजन टाकून. हात मांडीवर, मान खाली. मला वाटलं, हिला रडू येतंय आणि ते लपवतेय. एक मिनिट गेलं असेल. मी दुसरीकडे पाहायला लागलो.

"सर," तिचा आवाज आला, "इकडे बघा."

तिच्या सलवारीवर दोन्ही गुडघ्यांपाशी दोन गोल काळे डाग उमटले होते. ते डाग वाढत होते. तिने तळहात दाबला, तर बोटांच्या फटींतून गढूळ पाणी वर आलं. वरचा थर ऑक्टोबरच्या उन्हाने वाळला होता आणि खाली आख्खा फोम पाणी पिऊन टम्म बसला होता. तिने फोम कापून बाजूला केला. खाली पत्र्यावर तळं साचलं होतं आणि त्या तळ्याच्या पुढच्या टोकाला एक काळी प्लास्टिकची डबी होती. गिअरबॉक्सला हुकूम देणारा मेंदू त्या डबीत असतो. गाडी सपाट असली की डबी कोरडी. नाक खाली गेलं किंवा ब्रेक मारला, की पाणी धावत पुढे जाऊन डबीत शिरायचं, आणि गिअरबॉक्सला हुकूमच पोचायचे बंद व्हायचे. गिअरबॉक्स बिचारा धडधाकट होता. काचांच्या तारांचा जोडही त्याच तळ्यात होता.

मी टाळ्या वाजवल्या. मोठ्याने. मांजर पळून गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये एका पन्नाशीच्या माणसाने टाळ्या वाजवणं शोभतं का, मला माहीत नाही, पण मला राहवलं नाही.

रघुनाथराव सावकाश गाडीच्या मागे गेले. ज्या फडक्याने मुलीने आपला शब्द पुसायचा होता, त्याच फडक्याने त्यांनी स्वतःचा शब्द पुसला. नीट, कोपऱ्यापर्यंत. मग म्हणाले, "पाणी सापडलं. पण आलं कुठून? आणि ती डबी वाचली का? शोधणं एक, दुरुस्त करणं एक. बेट्टावरून गाडी खाली आण, मग बोलू."

पाणी आलं कुठून, याचं उत्तर मात्र माझी अब्रू घेऊन गेलं.

सुष्माबाईंनी बॉनेट उघडलं. पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी एक पन्हळ असते. पावसाचं पाणी त्या पन्हळीतून बॅटरीखालच्या भोकावाटे रस्त्यावर पडतं. तिने बॅटरी बाहेर काढली आणि हातातला टॉर्च तसाच धरून उभी राहिली. मी पुढे झालो. भोक बुजलेलं. त्यावर काळ्या चिखलाचा थर, चिखलात झेंडूच्या पाकळ्या, हाराचा दोरा, अक्षता, कुंकू, आपट्याची पानं आणि या सगळ्यातून वर आलेली, बोटभर उंचीची, पिवळटसर हिरवी गव्हाची रोपं. दहा-बारा तरी असतील.

"सर," सुष्माबाई अतिशय गंभीरपणे म्हणाली, "किती एकर आहे?"

रघुनाथराव हसले. मी तिथे पोचल्यापासून पहिल्यांदा. मग मला सगळं कबूल करावं लागलं. आमच्याकडे सिंधू नवरात्रात घट बसवते. दसऱ्याला घट उठले की त्यातलं धान देवाला वाहायचं, डोक्यावर टोपीत खोचायचं, ही आमची जळगावची रीत. आणि म्हैसूरला येऊन मी आयुधपूजा शिकलो. इथे गाडीला आंघोळ घालतात, हार घालतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, कुंकू भरून कोहळा फोडतात. मी दोन्ही रीती एकत्र केल्या. गाडीला अंगणात दोन बादल्या पाणी काचेवरून सोडायचो, झेंडूचे हार वायपरला बांधायचो आणि घटातलं धान मुळांसकट उपटून वायपरच्या बुडाशी खोचायचो, गाडीनेही टोपीत खोचल्यासारखं. चार दसरे. दरवर्षी सगळं खाली पन्हळीत सरकत होतं आणि मी वर हात जोडून उभा होतो. यंदा भोक पुरतं बुजलं आणि माझ्या दोन बादल्या, शिवाय नंतरचे तीन पाऊस, थेट गाडीत उतरले. बंगळुरूच्या माणसावर इतका चिडलो होतो, आणि गाडी बुडवली मी. भक्तिभावाने.

"पूजा करा, सर," सुष्माबाई चिखल उपसत म्हणाली. "पण शेती बाहेर करा."

मग तिने डबी उघडली. आतल्या पट्टीच्या सव्वीस पिनांपैकी पाच पिना हिरव्या पडल्या होत्या आणि एक पार झिजून तुटली होती. तिने मला खिशातलं शोरूमचं पत्र दाखवलं ते तेव्हाच. "सोमवारी हजर व्हायचंय," ती म्हणाली आणि पत्राची घडी पुन्हा खिशात ठेवली. तिला भीती वाटत होती आणि ती तिने लपवली नाही. मला म्हणाली, "काचेवर लिहिलंच नसतं तर माझं फसलेलं कुणाला कळलंही नसतं. आता सगळ्यांना कळणार." मी काय बोलणार? मी म्हटलं, "ताई, गाडी मेली तरी चालेल." ती म्हणाली, "मला न्हाई चालणार."

बुधवार आणि गुरुवार मी ऑफिसात बसून होतो पण तिथे नव्हतो. दर दोन तासांनी फोन. तिने पाचही पिना स्पिरिट आणि टूथब्रशने घासल्या, तुटलेल्या पिनेच्या जागी केसाएवढी बारीक तार भिंगाखाली डाग देऊन बसवली. फोम शेडच्या पत्र्यावर उन्हात पडला होता. डबी तिने आईच्या तांदळाच्या डब्यात रात्रभर पुरून ठेवली आणि भागीरथीबाईंनी त्या तांदळाचा भात करायला साफ नकार दिला. शुक्रवारी सकाळी फोन आला, "या. अप्पाजी पण येतो म्हणतायत."

चामुंडी बेट्टावर चढताना गाडी ती चालवत होती, मी शेजारी, रघुनाथराव मागे. मुलगी चालवत असलेल्या गाडीत ते पहिल्यांदाच बसले होते, हे त्यांनी मला वर पोचल्यावर सांगितलं. चढावर काहीच झालं नाही, पण चढावर कधीच काही होत नव्हतं. वर गाडी वळवून तिने नाक खाली केलं. समोर सगळं म्हैसूर पसरलेलं, राजवाडा, करंजी तळं, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मी फक्त डॅशबोर्डवरची ती अक्षरं बघत होतो.

पहिलं वळण. गिअर दुसऱ्यात आला. दुसरं वळण, तिने मुद्दाम जोरात ब्रेक मारला. अक्षरं शांत. नंदीकडे जाणारा फाटा आला, गेला. गिअर तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा, लोणी कापावं तसे बदलत होते. मी मोजायला लागलो आणि सातव्या वळणावर मोजणं सोडून मोठमोठ्याने हसायला लागलो. सुष्माबाईंनी एकदाही डॅशबोर्डकडे पाहिलं नाही, पण स्टिअरिंगवर धरलेल्या बोटांची नखं पांढरी पडली होती. मी आरशात पाहिलं. मागे रघुनाथरावांनी डोळे मिटले होते, मान एका बाजूला कलती होती, आणि ते गिअर ऐकत होते.

उतार संपण्याच्या थोडं आधी रस्त्याच्या कडेला एक टॅक्सी बॉनेट उघडून उभी होती. ड्रायव्हर साठीचा, रावांच्या ओळखीचा निघाला. त्याने मागच्या काचेतून रावांना पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. सुष्माबाईंनी गाडी बाजूला घेतली, उतरली आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या टॅक्सीच्या बॉनेटमध्ये वाकली.

"रायरे, स्वल्प नोडी," ड्रायव्हर रावांच्या खिडकीशी येऊन म्हणाला. रावसाहेब, जरा बघा ना. शेड उद्या बंद करताय असं ऐकलं, शेवटचं एकदा तुमचा हात लागू दे, असंही तो कन्नडमध्ये म्हणाला.

रघुनाथरावांनी काच पूर्ण खाली केली, पण ते उतरले नाहीत. त्यांनी उत्तर कन्नडमध्येच दिलं, सावकाश, मोठ्याने, बॉनेटपर्यंत ऐकू जाईल असं, आणि मला एकेक शब्द कळला. "शेड बंद नाही. हुणसूरवाल्याला मी आज सकाळीच नाही म्हणून कळवलं. शेड माझ्या मुलीची आहे. माझा हात कशाला, ती समोर उभी आहे. तिला विचार."

आज सकाळी. म्हणजे उतारावर यायच्या आधीच. मी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं, तर ते खाकी शर्टाच्या बाहीने तो चांगला डोळा पुसत होते. मला गहिवरून आलं आणि मी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

टॅक्सीच्या बॉनेटखाली सुष्माबाईंचा हात थांबला. मग तिने ड्रायव्हरला हाक मारली आणि गाडी सुरू करायला सांगितली.